'द डिसायपल'चा नायक

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल' या मराठी चित्रपटास २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात उत्कृष्ट पटकथेचे पारितोषिक मिळाले, ते यथायोग्यच होय. परंतु त्यातील शरद नेरूळकर हा तरुण गवई मला प्रथम पाहताना आवडला नाही आणि पुन्हा पाहताना तर अधिकच नावडता झाला. नायक नावडावा आणि चित्रपट मात्र पुनःपुन्हा पाहावासा वाटावा, हे कसे?

शरदजवळ प्रतिभा बेताची आहे, हा त्याचा दोष नव्हे. रियाझात तो कसूर करीत नाही. वृद्ध गुरूची त्याने केलेली सेवाही निखळ आहे. दोष असा की, ज्या साधनेने माणसाने नम्र व्हावे, तिलाच त्याने इतरांना तुच्छ लेखण्याचा परवाना मानले आहे. फ्यूजनच्या वाद्यवृंदात जाऊ पाहणाऱ्या शिष्याला तो आईदेखत जे सुनावतो, त्यात संगीताचा कैवार थोडा आणि स्वतःच्या अपयशाचा सूड फार. इंदूरच्या श्रोत्याला हे विशेष खटकते. आमच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांनी १९५२ च्या 'बैजू बावरा'साठी गायन केले, म्हणून त्यांच्या अतिविलंबित ख्यालाचे गांभीर्य तिळभरही उणे झाले नाही. अब्दुल वहीद खाँ, अमान अली खाँ, देवासचे रजब अली खाँ अशा अनेकांचे ऐकून त्यांनी आपली गायकी घडविली. शरदला गुरूच्या गुरूंचे, माईंचे, ध्वनिमुद्रित बोल मुखोद्गत आहेत; इतरांसाठी मात्र त्याचे कान बंद आहेत.

हे सारे आपल्याला कोणी सांगत नाही, आपण ते ऐकतो. ताम्हाण्यांचे कसब येथेच आहे. कॅमेरा बहुधा दूर आणि स्थिर असतो. गाणे पुरेसा वेळ चालू दिलेले असते, त्यामुळे ते कोठे फिके पडले हे आपल्याच कानाला कळते. आदित्य मोडक आणि गुरूच्या भूमिकेतील अरुण द्रविड हे प्रत्यक्ष गवई असल्याने स्वर लावतानाचा चेहरा कोठेही खोटा वाटत नाही. रात्रीच्या ओस रस्त्यावरून शरदची मोटारसायकल संथपणे तरंगत जाते आणि कै. सुमित्रा भावे यांच्या आवाजात माई विरक्तीची शिकवण देत असतात. या दृश्याने प्रथम मलाही भुरळ घातली. एकांतात ऐकलेली ती उदात्त शिकवण त्याच्या अहंकारालाच खतपाणी घालीत होती, हे मागाहून ध्यानी आले.

दूरचित्रवाणीच्या स्पर्धेतील गायिकेचा उपकथाभाग मात्र मला उथळ वाटला. तेथे दिग्दर्शक स्वतःच शरदच्या डोळ्यांनी पाहतो.

केळकरांच्या सविकल्प समाधीत वाचक आपलेपण राखून पात्राशी एकरूप होतो. शरदशी एकरूप होण्यास मी अखेरपर्यंत राजी नव्हतो. तथापि मैफलीतून परतताना गवयांत उणे काढण्याची आम्हा इंदूरकरांची जुनी खोड आहे, आणि माझाच सूर त्याच्या तोंडी ऐकून मी एकदोनदा चपापलो. पुढे एका मैफलीत तो मध्येच गाणे थांबवून उठून जातो, तेव्हा मला त्याची दया आली नाही; एवढेच की, तोवर मनात चाललेली माझी टीका तेथे थांबली.