दलवाईंची दोन गद्ये

राजकीय इस्लामचे सिद्धान्तकार मौलाना मौदूदी १९०३ साली तत्कालीन हैदराबाद संस्थानातील औरंगाबादेत जन्मले. त्या राजकारणाची मराठीतून कठोर चिकित्सा करणारे हमीद दलवाई १९३२ साली चिपळूणजवळच्या मिरजोळीत. सार्वभौमत्व ईश्वराचे की नागरिकांचे, हा वाद मराठी समीक्षेला परका नाही तो असा.

दलवाईंचे वैचारिक गद्य नागरिकाच्या बाजूने ठाम उभे राहते. त्यात ‘मुस्लिम समाज’ बहुधा एकसंध कर्ता म्हणून वावरतो. ‘इंधन’ (१९६५) या कादंबरीचे गद्य इतके निःशंक नाही. तेथे तोच समाज जमीन, जात, घराणे आणि वासना यांच्या ताणांत विखुरतो. गावातील हिंसेला धर्म नाव पुरवतो, सरपण मात्र हे ताण पुरवतात. गावी परतलेला निवेदक सारे पाहतो, थांबवू काहीच शकत नाही. निबंधांची सारी भिस्त ज्या विवेकी व्यक्तीवर आहे, तीच कादंबरीत निराधार आहे. एका गद्याला प्रचारकी आणि दुसऱ्याला प्रादेशिक म्हणून मोकळे होणाऱ्या समीक्षेला ही विसंगती दिसणे कठीणच.

१९७० साली पुण्यात स्थापन झालेले मुस्लिम सत्यशोधक मंडळ म्हणजे त्या निवेदकाला सोबती मिळवून देण्याचा प्रयत्न होता, असेही वाचता येते. त्याआधी, १९६६ साली, तलाकपीडितांसाठी मुंबईत निघालेल्या मोर्चात स्त्रिया होत्या अवघ्या सात. शाहबानो प्रकरणातील १९८५ चा निकाल १९८६ च्या कायद्याने निष्प्रभ करू पाहिला, तेव्हा संसदीय बहुमताने जमातीच्या पुढाऱ्यांचे म्हणणे प्रमाण मानले. पोटगी मागणारी स्त्री तेथेही एकटीच राहिली.