दोन वेळचे जेवण : एका आहारसंहितेचे वाचन

मराठीत ‘दोन वेळचे जेवण’ हे शब्द आजवर किमानाचे माप म्हणून वापरले गेले. ज्याला दोन वेळचे मिळते त्याचे बरे चालले आहे, ज्याला त्याची भ्रांत आहे तो गरीब. गेल्या काही वर्षांत मात्र याच शब्दांनी कमाल मर्यादा सांगितली जाऊ लागली. दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा, मध्ये काही खाऊ नका, रोज ४५ मिनिटे चाला. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची व्याख्याने आणि ‘विनासायास’ वजन घटवण्याची हमी देणारे त्यांचे पुस्तक यांतून हा नियम महाराष्ट्रात घरोघरी पोचला. जग ज्याला इंटरमिटंट फास्टिंग म्हणते त्याची ही आपल्याकडची आवृत्ती. तिची वैद्यकीय चर्चा पुष्कळ झाली आहे. मला तिच्याकडे एक मजकूर म्हणून पाहायचे आहे. हा मजकूर कोणाशी बोलतो, आणि मी राहतो त्या साकीनाक्यात बसून तो वाचला तर त्यातले काय टिकते, एवढाच माझा प्रश्न.

मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकार यांची. अनेक पदव्या मिळवलेले, राजकारणात वावरलेले जिचकार २००४ साली अपघातात गेले. आहारावरचा त्यांचा विचार मागे राहिला. सामाजिक वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या दीक्षितांनी तो आधी स्वतःवर करून पाहिला आणि मग नियमांत बांधला. त्यांचे व्याख्यान ऐकताना मला त्याची बांधणी थेट कीर्तनाची वाटते. पूर्वरंगात निरूपण : खाल्ले की इन्सुलिन स्रवते, ते चढे असेपर्यंत साठलेली चरबी खर्ची पडत नाही, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा. उत्तररंगात आख्यान : अमक्यांचे वजन इतके उतरले, तमक्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर इतकी खाली आली. मग शंकासमाधान. ग्रीन टी चालेल का, पातळ ताक चालेल का, या प्रश्नांना प्रसादाच्या रांगेसारखी गर्दी असते. भाषा सोपी, विनोद घरगुती. पावडरी नाहीत, डबे नाहीत. आरोग्यावरच्या मराठी लेखनात इतका स्वच्छ मजकूर क्वचित सापडतो, आणि या चळवळीच्या यशातला मोठा वाटा त्या भाषेचा आहे असे मला वाटते.

समोरच्या बाजूला ऋजुता दिवेकर होत्या. २००९ सालच्या आपल्या पुस्तकापासून त्या दर दोन तासांनी थोडे थोडे खायला सांगत होत्या. ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद लग्नाच्या पंगतीपर्यंत गेला. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट मात्र न बोलता गृहीत धरली : वाचकाचा दिवस वाचकाच्या मालकीचा आहे. दर दोन तासांनी खायचे असो की दोनदाच, घड्याळ आपल्या हातात हवे.

दीक्षितांच्या नियमाचा कणा एकाच सूचनेत आहे. आपल्याला कडकडून भूक केव्हा लागते ते ओळखा आणि त्या दोन वेळा पक्क्या करा. ही सूचना घेऊन खैरानी रोडने चालत जावे. दोन्ही अंगांना गाळे : शिलाईचे, प्लास्टिकचे, पत्र्याचे, भंगाराचे, माळ्यावर राहण्याची सोय. इथे भूक लागण्याची वेळ आणि जेवणाची सुट्टी यांचा संबंध मालकाच्या ऑर्डरीवर ठरतो. १९४८च्या कारखाने कायद्याने पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती सांगितली. ते कलम नेमके ५५वे आहे, हा निव्वळ योगायोग. पण एका संहितेत ५५ मिनिटे ही जेवणाची कमाल, आणि दुसरीच्या ५५व्या कलमात ३० मिनिटे ही विश्रांतीची किमान मुदत, हे शेजारी ठेवून पाहावेसे वाटतेच. शिवाय कायद्याला लागणारी कामगारसंख्या इथल्या कित्येक गाळ्यांत भरत नसे.

चहाचे पाहा. दूध-साखरेचा कटिंग चहा या नियमात बसत नाही, कारण त्यानेही इन्सुलिन स्रवते. शरीरशास्त्र म्हणून ठीक. पण गाळ्यात चहा हे मशीनपासून उठण्याचे एकमेव मान्य निमित्त असते. चहा नको म्हणणारा माणूस मशीनवरच बसून राहतो. माझ्या परिचयाच्या एका शिंपीकाम करणाऱ्या गृहस्थांनी साखर वाढल्यावर हा आहार धरला. महिनाभराने ते पुन्हा टपरीवर दिसले, हातात कोऱ्या चहाचा ग्लास. चहा त्यांना आवडत नव्हता, उभे राहणे आवडत होते.

आपल्या परंपरेत भुकेचे वर्गीकरण याहून सूक्ष्म आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत पादकृच्छ्र नावाचे चार दिवसांचे प्रायश्चित्त येते. एक दिवस एकभक्त, म्हणजे दिवसा एकदाच जेवायचे; एक दिवस नक्त, रात्रीच जेवायचे; एक दिवस अयाचित, म्हणजे न मागता जे मिळेल तेवढेच खायचे; आणि एक दिवस पूर्ण उपवास. आजच्या इंटरमिटंट फास्टिंगमध्ये एकभक्त आहे, उपवास आहे, आडवळणाने नक्तही आहे. गळले ते अयाचित. जेवणाची वेळ आणि ताटातला पदार्थ दोन्ही दुसऱ्याच्या हाती असणे, ही अवस्था त्या जुन्या यादीने निदान नाव देऊन ओळखली होती. साकीनाक्याचे बरेचसे जेवण अयाचित या सदरात पडते : खाणावळीत जे उरले ते, सुपरवायझरने सोडले तेव्हा. फक्त पुण्य लागत नाही. घरातही पाहावे. शेवटी जेवणाऱ्या बाईच्या दोन वेळा तिच्या भुकेने ठरत नाहीत, आणि नवऱ्याचे वजन ‘विनासायास’ उतरते तेव्हा त्याची काकडी-टोमॅटोची थाळी चिरण्याचा आयास कोणाच्या वाट्याला येतो, हे पुस्तकाच्या शीर्षकाला विचारून पाहावे.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मध्ये (१९५८) वजन उतरवण्यासाठी केलेल्या उपासावर एक प्रकरण आहे. तिथे सगळी चाळ सल्ला द्यायला धावते. आपण हसतो, पण त्या हसण्याखाली एक माहिती आहे : चाळीत माणसाचे पोट खाजगी नव्हते. एकादशीला कोणी आग्रह करत नाही, कारण तिथीचा उपास सर्वांना ठाऊक असतो. इन्सुलिनचा उपास एकट्याने वागवावा लागतो, आणि प्रत्येक बारशाला तो नव्याने समजावून सांगावा लागतो. रमजानमध्ये खैरानी रोडवर याच्या उलट चित्र दिसते. पहाटे दुकाने जागी, दुपारी भट्ट्या मंद, सूर्यास्ताला रस्ताभर फळांच्या गाड्या. तिथे उपवास करणाऱ्याला घड्याळ पाहावे लागत नाही. ते काम गल्ली करते. दीक्षितांच्या अनुयायांनी व्हॉट्सॲपचे गट केले ते याच गरजेपोटी, असे मी समजतो. गटामुळे गल्लीची थोडी भरपाई होते, गाळ्याची होत नाही.

आणखी एक नोंद करायला हवी. ज्या मधल्या खाण्याविरुद्ध हा सारा उपदेश आहे ते फरसाण आमच्याच परिसरात तळले जाते. १८ डिसेंबर २०१७च्या पहाटे खैरानी रोडवरच्या फरसाणाच्या एका दुकान-कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले १२ कामगार गेले. ते काम करत तिथेच झोपत. आहाराचा मजकूर खाणाऱ्याशी बोलतो, करणाऱ्याशी नाही. हा दोष दीक्षितांवर ढकलणे अन्यायाचे होईल. पण त्याच सुमारास आम्ही सुशिक्षित माणसे फरसाण सोडल्याच्या गोष्टी एकमेकांना सांगत होतो, हे विसरता येत नाही.

राहता राहिला पुरावा. २०२२ साली चीनमधल्या ग्वांगझू इथे १३९ स्थूल लोकांवर वर्षभर प्रयोग झाला. उष्मांक कमी करणाऱ्या दोन गटांपैकी एकाने सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्याच वेळात खाल्ले. वजन दोन्ही गटांचे उतरले, फरक लक्षणीय निघाला नाही. यावरून वेळेला महत्त्वच नाही असे म्हणणारे २०१४चा प्राग इथला प्रयोग विसरतात. तिथे टाइप-टू मधुमेहाच्या ५४ रुग्णांनी तेवढेच उष्मांक १२ आठवडे सहा खाण्यांत आणि १२ आठवडे दोन जेवणांत घेतले, आणि दोन जेवणांच्या काळात वजन अधिक उतरले. म्हणजे दीक्षितांच्या बाजूने बोलणारे काही आहे. पण प्रागची ती दोन जेवणे सकाळची आणि दुपारची होती, रात्रीचे नव्हते. मेट्रोच्या गर्दीतून नऊ-साडेनऊला घरी येणाऱ्या माणसाला चार जणांबरोबर बसून खाता येते ते रात्रीचेच. आमच्या इमारतीत हा नियम पाळणारे तिघे आहेत. तिघांनीही सोडला तो सकाळचा नाश्ता.