ईथनची फिल्म आणि कंट्रोल ग्रुप

ऑपरेशनआधी मुलांच्या मनाची तयारी कशी करावी, यावरचे पेपर वाचायला घेतलेत की मेलामेड आणि सीगल, 1975 हा संदर्भ तुम्हाला वारंवार दिसेल. सोबतचं वाक्यही ठरलेलं: आधी तयारी केली की मुलांची भीती कमी होते. तुमच्या प्रपोजलमध्ये ते वाक्य उतरवण्याआधी मूळ पेपर एकदा उघडाच.

4 ते 12 वर्षांची 60 मुलं. हर्निया, टॉन्सिल्स किंवा मूत्रमार्ग-जननेंद्रियांच्या तक्रारींसाठी ऑपरेशन ठरलेली. एका गटाला ‘ईथन हॅज ॲन ऑपरेशन’ ही फिल्म दाखवली. तिच्यातला मुलगा घाबरतो, पण निभावून नेतो. दुसऱ्या गटाला हॉस्पिटलशी काही संबंध नसलेली फिल्म. ही दुसरी फिल्म मला फार पटते, कारण ‘पडद्यासमोर बसून मन रमलं, एवढंच’ ही शंका तिने तिथेच मिटते. मोजमापही नुसतं प्रश्नावलीवर सोडलेलं नाही. वागणुकीची निरीक्षणं आहेत, हाताला सुटणारा घामसुद्धा मोजलाय. ऑपरेशनच्या आदल्या रात्री आणि 3-4 आठवड्यांनंतरच्या तपासणीलाही ईथन पाहिलेली मुलं कमी घाबरलेली होती.

मग अडतं कुठे? हॉस्पिटलच्या स्टाफने दोन्ही गटांची भरपूर तयारी करून घेतली होती. म्हणजे ही तुलना ‘तयारी विरुद्ध काहीच नाही’ अशी नाहीच. तयारी दोघांचीही झाली, एका गटाला वर ईथन मिळाला. ठरलेलं वाक्य या पेपरवर उभंच राहत नाही.

आता समजा, ही फिल्म मराठीत डब करून तुम्ही अशा वॉर्डात नेलीत, जिथे ‘मुंगी चावल्यासारखं होईल’ यापलीकडे मुलाला कोणी काही सांगत नाही. तिथे सगळी माहिती फिल्मलाच द्यावी लागेल. फरक जास्त पडेल? की पडलेल्या प्रश्नांना उत्तर द्यायला कोणी नाही म्हणून भीती वाढेल? 1975 चे आकडे इथे कामाला येणार नाहीत. तुमच्या कंट्रोल ग्रुपला रोज नेमकं काय सांगितलं जातं, ते आधी लिहून काढावं लागेल. (हे कंटाळवाणं काम बहुतेक जण टाळतात.)

आणखी एक. काम कशाने केलं: माहितीने, बरोबरीच्या वयाच्या मुलाने, की त्याच्या घाबरून सावरण्याने? दोन फिल्म्समध्ये हे वेगळं काढता येत नाही. तेच प्रसंग, पण मुलगा नसलेली तिसरी फिल्म हवी होती. फिल्म किती दिवस आधी दाखवायची, हा प्रश्न मेलामेड यांनी 1976 मध्ये घेतला, आणि तो वयाशिवाय सुटत नाही: बारा वर्षांच्या मुलाला आठवडाभर आधी सांगणं म्हणजे विचार करायला वेळ, चार वर्षांच्याला कदाचित आठवडाभराची धास्ती.