'मी नॉर्मल आहे का?' : एका सरासरीचं वाचन

'मी नॉर्मल आहे का?' हे सल्ला-सदराचं शीर्षक वाटेल. पण ते २०१५ साली 'बीजेयू इंटरनॅशनल' या मूत्ररोगविषयक नियतकालिकात आलेल्या शोधनिबंधाचं आहे. डेव्हिड वील आणि सहकाऱ्यांनी वीस अभ्यासांतल्या १५,५२१ पुरुषांच्या लिंगाची मापं एकत्र केली. सरासरी निघाली शिथिल अवस्थेत ९.१६ सेंमी आणि ताठर अवस्थेत १३.१२.

निबंध काळजीपूर्वक केलेला आहे. मापं आरोग्यसेवकांनीच घेतलेली असावीत, ही त्यांची अट होती. ती रास्तच आहे, कारण घरी एकट्याने मोजताना पट्टी थोडी सरकतेच. किन्झीच्या पाहणीत पुरुषांनी स्वतः मोजलेल्या मापांची सरासरी याहून दोन सेंमींपेक्षा जास्त होती.

पण त्या मोठ्या आकड्याच्या आत शिरलं की चित्र बदलतं. ताठर लांबी मोजली गेली ती फक्त ६९२ जणांची, म्हणजे शंभरात पाचांचीही नाही. दवाखान्यात, परक्या माणसासमोर, हे घडवून आणणं अवघडच. १९९६ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात त्यासाठी इंजेक्शन द्यावं लागलं. म्हणून बहुतेक ठिकाणी शिथिल लिंग ओढून मोजतात. ओढायचं किती जोरात? पट्टी त्वचेला टेकवायची, की चरबी दाबून थेट जघनास्थीला? खोली गार होती का? आमच्याकडे कापूस विकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही : दवातला कापूस आणि उन्हातला कापूस काट्यावर सारखा भरत नाही.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. लिंग लहान असल्याची तक्रार घेऊन आलेले पुरुष या अभ्यासात घेतलेलेच नाहीत. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पण मग शीर्षकातला प्रश्न ज्याचा आहे, तोच उत्तरातून वगळला गेला. आणि जे मोजून घ्यायला तयार झाले, ते सगळ्यांचे प्रतिनिधी आहेत हे कशावरून?

भारतातले आकडेही असेच सांभाळून वाचायला हवेत. केरळातल्या संशोधकांनी २००७ साली ३०१ पुरुषांची मापं प्रसिद्ध केली. त्यांपैकी ताठर अवस्थेतली ९३ जणांची, सरासरी १३.०१ सेंमी. त्याच्या आदल्याच वर्षी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, बाराशेहून अधिक पुरुषांच्या पाहणीची बातमी जगभर गाजली होती. प्रश्न होता निरोधच्या मापाचा : सैल बसला तर निसटतो, घट्ट बसला तर फाटतो. बातम्यांनी त्यातून उचललं ते भारतीय पुरुषाचं 'लहानपण'. उपयोगाचा प्रश्न बाजूला पडला, अब्रूचा पुढे आला.

मी जामनेर तालुक्यातल्या पहूरचा. आमच्या भागातल्या रस्त्यांकडेच्या भिंतींवर 'मर्दाना कमजोरी' आणि 'शर्तिया इलाज' वाचतच आमची पिढी मोठी झाली. लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. भिंतीला ते कोण सांगणार? र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' काढत होते. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यांनी दिलेल्या उत्तरांवरून खटला झाला, आणि १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली. शंका तेव्हाही होत्या, आजही आहेत. सरळ उत्तर देणारे तेवढे कमी.

वील यांच्या निबंधात ते उत्तर आहे, पण सरासरीत नाही. ते तिच्या शेजारच्या १.६६ या प्रमाण विचलनात आहे. त्याचा अर्थ असा की साधारण दोन तृतीयांश पुरुष साडेअकरा ते पावणेपंधरा सेंमींच्या दरम्यान येतात, आणि त्याबाहेरचे उरलेले एक तृतीयांश काही आजारी नसतात. कोणत्याही सरासरीखाली जवळपास निम्मे लोक असायचेच. बातमी देणाऱ्याने एवढं एक वाक्य आकड्यासोबत छापलं, तर भिंतीवरचा नंबर फिरवणारा एखादा पोरगा थांबेल.