वृद्ध रक्त आणि अल्झायमर : एका गृहीतकाची चिकित्सा

प्रस्तावना : १९०६ मध्ये अलॉइस अल्झायमर यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या एका स्त्रीच्या मेंदूतील विकृतींचे वर्णन केले. तेव्हापासून या व्याधीचे मूळ प्रामुख्याने मेंदूतच शोधले गेले. गेल्या दोन दशकांत मात्र वार्धक्यातील रक्तही मेंदूच्या ऱ्हासास हातभार लावते, असे गृहीतक पुढे आले. त्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन : सॉल व्हिलेडा, टोनी विस-कोरे व सहकाऱ्यांनी तरुण आणि वृद्ध उंदरांचे रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने जोडले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात तरुण उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील नव्या चेतापेशींची निर्मिती मंदावली. वृद्ध रक्तात वाढणारे सीसीएल-११ हे प्रथिन त्यामागील एक घटक ठरले. २०१४ मध्ये तरुण रक्तद्रवामुळे वृद्ध उंदरांची स्मरणक्षमता सुधारल्याचे दाखविण्यात आले.

या निष्कर्षांवर तीन आक्षेप संभवतात. पहिला, नैसर्गिक वार्धक्य म्हणजे अल्झायमर नव्हे. २०१६ च्या अभ्यासात अल्झायमरसदृश उंदरांची स्मृती तरुण रक्तद्रवाने सुधारली. परंतु मेंदूतील अमायलॉइडचे प्रमाण घटले नाही. दुसरा, जोडलेल्या उंदरांना केवळ रक्त नव्हे, तर परस्परांच्या यकृत-मूत्रपिंडांचाही लाभ मिळतो. शिवाय २०२० मध्ये कॉनबॉय दांपत्य व सहकाऱ्यांनी वृद्ध उंदरांचा निम्मा रक्तद्रव काढून त्याजागी क्षारद्रावण व अल्ब्युमिन भरले, तेव्हाही हिप्पोकॅम्पसमध्ये नवपेशीनिर्मिती वाढली. म्हणजेच लाभ तारुण्याच्या 'अमृता'चा की साचलेल्या अपायकारक घटकांच्या विरलीकरणाचा, हा प्रश्न उरतोच.

तिसरा आक्षेप मानवी पुराव्याचा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अवघे १८ रुग्ण होते. तरुण दात्यांचा रक्तद्रव सुरक्षित ठरला. बोधनक्षमतेत मात्र लक्षणीय सुधारणा आढळली नाही. तरीही अमेरिकेत त्याची विक्री सुरू झाली होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने अशा उपचाराचा लाभ सिद्ध नसल्याचा इशारा दिला.

निष्कर्ष : रक्त मेंदूच्या वार्धक्यावर प्रभाव टाकते, हे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसते, ते अल्झायमरचे कारण आहे, हे सिद्ध झालेले नाही. 'प्रभाव' आणि 'कारण' यांतील हे अंतर पुसले गेले, तर हताश कुटुंबांच्या आशेचा बाजार मांडला जातो. म्हणून गृहीतकाचे स्वागत करतानाच पुराव्याची मर्यादा सांगणे, हे अध्यापकाचेही कर्तव्य ठरते.