शे-दोनशे प्रतींपुरतं गुपित

नव्वदच्या दशकात अमेरिकेत एखादं झीन मागवायचं, तर एक-दोन डॉलरच्या नोटा बाहेरून दिसणार नाहीत अशा कागदात गुंडाळून पाकिटात घालायच्या, तिकीट लावायचं आणि विसरून जायचं. करणारी व्यक्ती सचोटीची असली आणि मधल्या काळात तिनं बिऱ्हाड बदललेलं नसलं, तर तीन आठवड्यांनी नाही तर तीन महिन्यांनी उलटटपाली पाकीट येई. आत झेरॉक्स कागद मधोमध दुमडून, दोन पिना मारून केलेली पुस्तिका. कुठं टाइपरायटर, कुठं हाताचं अक्षर, कुठं चिकटवलेलं चित्र तिरकं बसलेलं. आणि पहिल्याच पानावर एक अनोळखी मुलगी सांगू लागे, की आई गेली त्या वर्षी आपण नेमकं काय काय केलं. शेजारणीला जे सांगितलं नसतं, ते तिनं तिकीट लावून परगावच्या परक्या माणसाला पाठवलेलं असे.

या प्रकाराला 'पर्झीन' म्हणतात, म्हणजे खाजगी आयुष्याचं झीन. त्याची थोरवी त्यातल्या कबुलीजबाबांत आहे असं सहसा सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. कबुलीजबाब आत्मचरित्रातही असतात. पर्झीन करणारा मात्र एक गोष्ट स्वतः ठरवतो, जी आत्मचरित्रकाराच्या हातात नसते: हे किती जणांपर्यंत जावं आणि कुठल्या वाटेनं जावं. प्रतींची संख्या ही इथं छापखान्याची बाब राहत नाही, रचनेचाच भाग होते. शंभर प्रतींसाठी लिहिलेलं वाक्य आणि लाखासाठी लिहिलेलं वाक्य एकसारखं होत नाही.

'झीन' हा 'फॅनझीन'चा, म्हणजे चाहत्यांनी काढलेल्या मासिकाचा, तुकडा. विज्ञानकथांच्या वेड्या वाचकांनी १९३० मध्ये शिकागोतून 'द कॉमेट' काढलं, ते या घराण्यातलं आद्य समजतात. 'फॅनझीन' हा शब्द १९४० मध्ये रस शोव्हने यांनी घडवला. पुढं पंक संगीतवाल्यांनी हे माध्यम उचललं आणि झेरॉक्सनं ते कुणाच्याही खिशात बसवलं. १९८२ मध्ये माइक गंडरलॉय यांनी 'फॅक्टशीट फाइव्ह' सुरू केलं. त्यात इतरांच्या झीनांचे परिचय, किमती आणि पत्ते येत. त्यामुळं गावोगावचे एकांडे लोक एकमेकांना सापडले. पर्झीन या पत्त्यांच्या जाळ्यावर वाढलं. बँडच्या बातम्या हळूहळू मागं पडल्या आणि त्या ऐकणाऱ्याची खोली, नोकरी, प्रेमभंग पुढं आला.

या परंपरेतलं सगळ्यांत टिकाऊ नाव 'कोमेटबस'. एरन कोमेटबस यांनी १९८१ मध्ये बर्कलीच्या परिसरातून ते सुरू केलं. ठाशीव कॅपिटल अक्षरांत, हातानं लिहिलेलं. रात्रीची कॉफी, दहाजणांनी मिळून घेतलेली पडकी घरं, मित्रांशी झालेली आणि मोडलेली मैत्री, हा त्याचा ऐवज. गंमत अशी की इतकी पानं वाचून लेखकाबद्दल फार थोडं हाती लागतं. तो आतलं दुखणं सांगत नाही, भोवतालची माणसं सांगतो. २००८ चा एक्कावन्नावा अंक तर सबंध बर्कलीतल्या टेलिग्राफ अव्हेन्यूवरच्या पुस्तकविक्रेत्यांवर आहे. जवळीक साधायला उघडं पडावंच लागतं असं नाही, हे इथं कळतं. एकाच हाताचं अक्षर वर्षानुवर्षं समोर येत राहिलं, की तो हात ओळखीचा होतो.

सिंडी क्रॅब यांचं 'डोरिस' दुसऱ्या टोकाचं. नव्वदच्या सुरुवातीपासून निघालेल्या या झीनमध्ये आईचा मृत्यू, लैंगिक हिंसेच्या आठवणी, बहिणींशी असलेलं नातं असं सगळं येतं. पण क्रॅब यांचं कसब विषयांच्या धाडसात नाही. त्या दुखऱ्या जागेपाशी येतात, तिथंच थांबतात आणि बागेतल्या कामाबद्दल किंवा कुत्र्याबद्दल बोलू लागतात. मग दोन पानांनी परत येतात. बोलणारं माणूस असंच बोलतं. शिवाय त्यांनी स्वतःचं सांगून झाल्यावर वाचकाला प्रश्न विचारले. अत्याचारातून गेलेल्या माणसाला आधार कसा द्यावा यावरचं 'सपोर्ट', संमती म्हणजे काय यावरचं 'लर्निंग गुड कन्सेंट', ही त्यांनी अनेकांचं लेखन गोळा करून केलेली झीनं हातोहात फिरली. एकीच्या दुखण्यातून अनेकींच्या उपयोगाची वस्तू निघाली.

जॉन पोर्सेलिनो यांचं 'किंग-कॅट' १९८९ पासून चालू आहे. त्यांची चित्रं इतकी साधी, की प्रथमदर्शनी शाळकरी वाटावीत. डास मारण्याच्या नोकरीची वर्षं त्यांनी त्याच चार रेघांत काढली. पीट जॉर्डन यांनी अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत भांडी घासायचा पण केला आणि 'डिशवॉशर' काढलं. दोघांच्याही लेखनात नोकरी हाच खाजगीपणाचा भाग आहे. कुणाच्या मोरीत किती खरकटं साचलं होतं हे सांगणाऱ्याची लाज आणि ऐट एकाच वाक्यात कळते.

यापुढं मात्र कौतुकाचा हात आखडावा लागतो. १९९१ च्या सुमारास ऑलिंपिया आणि वॉशिंग्टन डी.सी.मधून 'रायट ग्रर्ल' ही पंक मुलींची चळवळ उभी राहिली आणि शेकडो मुलींनी झीनं काढली. आपल्या शरीराबद्दल, घरातल्या मारहाणीबद्दल, शाळेतल्या छळाबद्दल त्या प्रथमच छापील बोलल्या. ते मोल कुणी नाकारू नये. पण त्या ढिगात एकसुरीपणाही पुष्कळ होता. जे जितकं कच्चं तितकं खरं, असा समज रुजला आणि कच्चेपणाचीच एक ठरावीक शैली झाली. त्याहून मोठा आक्षेप आतूनच आला. मिमी थी न्युएन यांनी १९९७ मध्ये 'इव्होल्यूशन ऑफ अ रेस रायट' हे संकलन काढलं. गोऱ्या पंकांची जिव्हाळ्याची वर्तुळं गोऱ्यांपुरतीच कशी उबदार असतात, हे त्यात बिगरगोऱ्या पंकांनी सुनावलं. 'मी माझं सांगते, तू तुझं सांग' या आमंत्रणात दोघींची ऐकली जाण्याची ऐपत सारखी धरलेली असते. ती सारखी नव्हती.

दुसरा प्रश्न आयुष्यातल्या इतर वाटेकऱ्यांचा. माझी गोष्ट सांगताना माझ्या प्रियकराची, बापाची, मुलाची गोष्टही सांगितली जाते, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. आयन हॅलिडे यांनी १९९८ पासून 'द ईस्ट व्हिलेज इंकी' काढलं. तळहाताएवढं, पूर्ण हातानं लिहून-चितारून. न्यूयॉर्कच्या चिमुकल्या घरात लेकरू वाढवण्याची तारांबळ त्यात आहे आणि अंकाचं नावही मुलीच्या लाडक्या नावावरून. हॅलिडे यांना तारून नेतो तो विनोद. फजिती नेहमी आईची होते, मुलीची होत नाही. जाणत्या झीनकारांनी हा तोल सांभाळलेला दिसतो. ज्यांना तो जमला नाही, त्यांची पानं आज वाचताना चोरून ऐकल्यासारखं वाटतं.

आणि आज ती पानं वाचायला मिळतात, हाच या कलेपुढचा सगळ्यांत अवघड पेच आहे. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात ग्रंथपाल जेना फ्रीडमन यांनी २००३ मध्ये स्त्रियांच्या झीनांचा संग्रह सुरू केला. तिथं शक्यतो एक प्रत आम्लरहित खोक्यात जपली जाते आणि दुसरी उघड्या मांडणीवर, घरी न्यायला मोकळी. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या फेल्स ग्रंथालयानं रायट ग्रर्लची कागदपत्रं जमवली. हे व्हायला हवंच होतं, नाही तर तो इतिहास रद्दीत गेला असता. पण सोळाव्या वर्षी पन्नास मैत्रिणींसाठी लिहिलेलं पान चाळिशीत खऱ्या नावासकट सूचीत यावं, स्कॅन होऊन कुणालाही शोधता यावं, हे त्या मुलीनं कबूल केलं होतं का? झीन जपणाऱ्या ग्रंथपालांनी २०१५ मध्ये स्वतःसाठी एक नीतिसंहिता तयार केली. करणाऱ्याचा मान राखा, स्कॅन करण्याआधी शक्य तिथं विचारा, नाव काढा म्हटलं तर ऐका, असा तिचा रोख आहे. या कलेवरची उत्तम समीक्षा मला या संहितेतच दिसते. मूळ वस्तू शब्दांची तर होतीच, तितकीच ती मोजक्या माणसांतल्या विश्वासाची होती, हे तिनं ओळखलं.

आपल्याकडं या गोष्टीचा एक सख्खा धागा आहे. १९५४ मध्ये अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि मित्रांनी सायक्लोस्टाइल करून 'शब्द' काढलं. १९६३ मध्ये अशोक शहाण्यांचं 'असो' आलं, मग 'वाचा', 'फक्त', 'येरू'. 'लघुअनियतकालिक' हे नावच केवढं खट्याळ! अंगानं लहान, आणि जमेल तेव्हा निघणार. पर्झीनचीही हीच दोन लक्षणं. पण आपल्या अनियतकालिकांचं भांडण मुख्यतः साहित्याशी होतं. प्रस्थापित मासिकं, प्रतिष्ठित कविता, सदाशिवपेठी अभिरुची यांच्यावर ती तुटून पडली. घर, स्वयंपाकघर, आजारपण, लग्न यांना तिथं फारशी जागा मिळाली नाही, आणि बायकांनाही. मराठीत खाजगी आयुष्य आलं ते पुस्तकांतून. मल्लिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' १९८४ मध्ये आलं आणि एका लग्नाची गोष्ट एकदम साऱ्या महाराष्ट्रापुढं पडली. मधली पायरीच आपल्याकडं नव्हती. एकतर उशाखालची वही, नाही तर चव्हाटा.

आता मुंबईत ती पायरी बांधली जाते आहे. समलिंगी स्त्रियांच्या 'लेबिया' गटाचं 'स्क्रिप्ट्स' नव्वदच्या अखेरीपासून निघू लागलं, आणि नाव न लावता लिहिणं ही तिथं पळवाट नव्हती, गरज होती. 'बॉम्बे अंडरग्राउंड'नं २०१७ पासून झीनांची जत्रा भरवायला सुरुवात केली. अकी थामी यांच्या 'सिस्टर लायब्ररी'त स्त्रियांची पुस्तकं आणि झीनं एका मांडणीवर येतात. हे सगळं बव्हंशी इंग्रजीत चालतं, ही पहिली खंत. दुसरी अशी, की जगभर झीन आता देखणं होत चाललं आहे. जाड कागद, रिसोग्राफ या छपाईयंत्राचे झगझगीत रंग, भिंतीवर लावावंसं मुखपृष्ठ आणि त्याला साजेशी किंमत. चित्रकारांना त्याचा लाभ झाला, पण ज्या वस्तूची किंमत जपून ठेवावी इतकी वाढते, ती वाचून मैत्रिणीकडं पुढं सरकवली जात नाही.

मराठीत पर्झीन आलं तर ते परकं वाटणार नाही असं मला वाटतं. शाळा-कॉलेजांतली हस्तलिखितं आपण पाहिली आहेत. एकच प्रत, सुबक अक्षर, वेलबुट्टी, आणि आत संपादकांनी निवडलेलं निर्धोक लेखन. त्यापेक्षाही जवळची आहे पत्राची रीत. आपल्या पत्राला मायना लागतो. तीर्थरूप, चिरंजीव, सौभाग्यवती, आणि नातंच नसेल तर साष्टांग नमस्कार विनंती विशेष. समोरचा आपला कोण, हे ठरल्याशिवाय पहिली ओळ लिहिता येत नाही. पर्झीन हे मायन्याची जागा कोरी ठेवून लिहिलेलं पत्र आहे. ती जागा वाचणाऱ्यानं भरायची असते. म्हणून प्रती मोजक्या हव्यात. शंभर जण ती आपापल्या परीनं भरू शकतात. लाखांसाठी ती आधीच छापून ठेवावी लागते, आणि मग तिथं 'प्रिय वाचकहो' याहून वेगळं काही लिहिता येत नाही.