फिलिपिनी शस्त्रकलेचा मूळशोध : ‘काली’, ‘एस्क्रिमा’ आणि प्रमाणांचा प्रश्न

प्रास्ताविक

फिलिपिन्सच्या संसदेने संमत केलेल्या प्रजासत्ताक अधिनियम क्र. ९८५० वर डिसेंबर २००९ मध्ये राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली आणि ‘आर्निस’ ही त्या देशाची राष्ट्रीय युद्धकला व राष्ट्रीय क्रीडा ठरली. तलवार, खंजीर आणि वेताची काठी यांच्या साहाय्याने लढण्याच्या या कलेची व्याख्या करताना कायद्याने तिला ‘एतद्देशीय’ असे विशेषण लावले असून एस्क्रिमा, काली व गारोते ही तिची पर्यायी नावे नोंदविली आहेत. या चार नावांकडे भाषेच्या अंगाने पाहिल्यास एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. ‘आर्निस’ हे चिलखताच्या अर्थाच्या स्पॅनिश शब्दाचे रूप होय. ‘एस्क्रिमा’ म्हणजे स्पॅनिशमधील तलवारबाजी. आणि ‘गारोते’ म्हणजे स्पॅनिशमधील सोटा. उरले एकटे ‘काली’. देशी वाटणारे हे एकच नाव, आणि पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत दुबळेही तेच. कायद्याला याची अडचण भासली नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ती भासावयास हवी.

या कलेच्या उगमाविषयी दोन उपपत्ती आज समोरासमोर उभ्या आहेत. पहिलीनुसार ‘काली’ नावाची एक प्राचीन मातृकला स्पॅनिश आगमनापूर्वीपासून द्वीपसमूहात नांदत होती. दुसरीनुसार ही कला स्पॅनिश राजवटीतच, मिशनऱ्यांच्या देखरेखीखाली घडली. प्रस्तुत लेखात या दोहोंच्या प्रमाणांची तपासणी करावयाची आहे.

‘काली’ची उपपत्ती

प्लासिदो याम्बाओ यांचे १९५७ चे तागालोग पुस्तक हे आर्निसवरील आरंभीच्या स्वतंत्र ग्रंथांपैकी एक. त्यातील ब्वेनाव्हेंतुरा मिराफ्वेंते यांच्या ऐतिहासिक निवेदनातून ‘काली’ला ग्रंथप्रतिष्ठा लाभली. पुढे अमेरिकेत जन्मलेले फिलिपिनी शिक्षक डॅन इनोसांतो यांच्या १९८० च्या इंग्रजी पुस्तकाने हे नाव जगभर नेले. इनोसांतो हे ब्रूस ली यांचे सहकारी. चित्रपटात त्यांच्याशी काठीने लढताना ते अनेकांनी पाहिले असतील. कीर्ती अशीही पसरते.

या परंपरेतील कथन साधारण असे आहे : बोर्निओहून आलेल्या दहा दातूंनी, म्हणजे सरदारांनी, आपल्या शाळांतून काली शिकविली, १५२१ मध्ये लापु-लापुने तिच्याच बळावर मॅगेलनला ठार केले, १७६४ मध्ये सिमोन दे आंदा याने तिच्यावर बंदी घातली, आणि मग ती नाटकांच्या व नृत्यांच्या आड लपून जिवंत राहिली.

यातील एकेक दुवा हाताळून पाहावा. दहा दातूंची कथा पेद्रो मोंतेक्लारो यांच्या १९०७ च्या ‘माराग्तास’मधून येते. विल्यम हेन्री स्कॉट यांनी १९६० च्या दशकात प्राक्-स्पॅनिश साधनांची जी कठोर छाननी केली, तीत ‘माराग्तास’ हे प्राचीन हस्तलिखित नसून लोकपरंपरांचे आधुनिक संकलन आहे, हे दाखवून दिले. त्याच छाननीत ‘कलांत्याव’ची तथाकथित प्राचीन दंडसंहिता ही होसे मार्को याने विसाव्या शतकात रचलेली बनावट ठरली. तरीही ती कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांत टिकून राहिली. तिला ऐतिहासिक आधार नाही, असे राष्ट्रीय इतिहाससंस्थेने अधिकृतपणे सांगावयास २००४ साल उजाडले.

माक्तानच्या लढाईचा प्रत्यक्षदर्शी वृत्तान्त अंतोनियो पिगाफेत्ता याचा आहे. त्यात बाण, दगड, भाले व विस्तवात टणक केलेले सोटे आहेत. मॅगेलनच्या डाव्या पायावर बसलेला मोठ्या पात्याचा घावही आहे. परंतु लापु-लापुने स्वहस्ते त्याला मारल्याचे त्यात नाही, द्वंद्वयुद्ध तर मुळीच नाही. पिगाफेत्ताने सेबू येथे जमविलेल्या शब्दांच्या यादीत ‘कांपिलान’ आणि ‘कालिस’ हे शस्त्रवाचक शब्द येतात. म्हणजे शस्त्र होते, त्याला नाव होते, आणि ते चालविणारे हातही निश्चितच कसलेले होते. ‘कालिस’पासून ‘काली’ निघाले असावे, हा तर्क अशक्य नव्हे. पण शस्त्राचे नाव सापडले म्हणून त्या नावाची कला सापडत नाही. शिवाय ‘कालिस’चा संबंध मलायी-जावी ‘केरिस’शी आहे, तेव्हा हा शब्दसुद्धा एकट्या फिलिपिन्सचा नाही.

बंदीची गोष्ट अधिकच संशयास्पद आहे. १७६२ ते १७६४ या काळात मनिला इंग्रजांच्या ताब्यात होती आणि आंदा हा पांपांगा प्रांतातील बाकोलोर येथे तळ देऊन स्थानिक लोकांच्या बळावर इंग्रजांशी झुंजत होता. ज्यांच्या हत्यारांवर आपली सत्ता तगली, त्यांच्याच शस्त्रविद्येवर त्याने लगोलग बंदी घातली असेल, तर त्याचा आदेश दाखविला गेला पाहिजे. या कथेचा पुनरुच्चार करणारे तो दाखवीत नाहीत.

येथे भारतीय वाचकाने स्वतःलाही सावरावयास हवे. ‘काली’ हा शब्द आपल्या देवीच्या नावाशी जोडणारेही काही आहेत, आणि ते ऐकून आपल्याला सुखावल्यासारखे होते. भारतीय संस्कृतीचा त्या बेटांशी संपर्क होता, यात शंका नाही. १९८९ मध्ये लागुना प्रांतात उजेडात आलेल्या ताम्रपटावर शके ८२२, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार अशी मिती कोरलेली आहे. पंचांग हाताळणाऱ्या मराठी माणसाला तिचा अर्थ कोणी सांगावयास नको. पण हा ताम्रपट कर्जमुक्तीचा दस्तऐवज आहे. शस्त्रविद्येविषयी तो काहीही सांगत नाही. त्याच्या आधारे देवी काली आणि काठीचा खेळ यांना जोडणे म्हणजे संपर्काचा पुरावा देऊन वारशाचा दावा सांगणे होय.

मिशनऱ्यांची उपपत्ती

नेड नेपांग्वे व सेलेस्तिनो माकाचोर यांच्या २००७ च्या ग्रंथाने काली-कथेवर थेट आघात केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : दक्षिणेकडील मोरो लोकांच्या सागरी धाडींपासून किनाऱ्यावरील गावांचे रक्षण करण्यासाठी स्पॅनिश धर्मोपदेशकांनी विसाया प्रदेशातील ख्रिस्ती प्रजेला शस्त्रे शिकविली, एस्क्रिमा त्यातून जन्मली. या मांडणीमागे वस्तुस्थितीचे भक्कम अंग आहे. धाडी खऱ्या होत्या. सेबूच्या आग्नेय किनाऱ्यावरील टेहळणीचे बुरूज आजही उभे आहेत आणि ते उभारणाऱ्यांपैकी बोल्होऑनचे पाद्री हुलियान बेर्मेहो यांना ‘कॅप्टन पाद्री’ म्हणूनच ओळखले जाई. शिवाय परिभाषा त्यांच्या बाजूने बोलते : तलवार-खंजिराच्या जोडीला ‘एस्पादा इ दागा’, पंख्यासारख्या फिरणाऱ्या घावाला ‘आबानिको’, लांब व आखूड अंतराला ‘लार्गो’ व ‘कोर्तो’.

मिथकाचा निरास करणारा ग्रंथ म्हणून या पुस्तकाचे मोल मोठे आहे, आणि ते निःसंकोच मान्य केले पाहिजे. पण जे प्रमाण त्यांनी विरोधकांकडे मागितले, ते स्वतःच्या मांडणीला तितक्याच कडकपणे लावले, असे म्हणवत नाही. बुरूज बांधणे आणि गावकऱ्यांची तुकडी उभारणे वेगळे. तलवारीची एक पूर्ण पद्धती शिकविणे वेगळे. स्पॅनिश तलवारशास्त्रातील भूमिती आणि एस्क्रिमातील त्रिकोणी पदन्यास यांच्यातील साम्य पुष्कळ पुढे केले जाते. साम्य आहे, परंतु रेषेतून बाजूला सरकून घाव घालणारा कोणताही माणूस जमिनीवर त्रिकोणच काढतो.

परिभाषेचा मुद्दाही दुधारी आहे. तीनशेहून अधिक वर्षांच्या स्पॅनिश सत्तेत आठवड्याचे वार आणि घरातील मेजाचे नावही स्पॅनिश झाले. त्यामुळे आठवडा किंवा जेवण स्पेनमधून आले, असे कोणी म्हणत नाही. आणि स्पॅनिश प्रभाव मान्य केला, तरी तो कोणत्या शतकातला? १८३८ च्या सुमारास फ्रान्सिस्को बालागतास यांच्या ‘फ्लोरांते आत लाउरा’ या काव्यात ‘आर्नेस’ हा कुस्तीसोबतचा एक खेळ म्हणून येतो. १८९० च्या दशकात अंतोनियो लुना युरोपातून तलवारबाजी शिकून परतले आणि मनिलात त्यांनी तिचे शिक्षण देणारी शाळा काढली. सेबूमध्ये १९२० साली स्थापन झालेल्या संघाचे नाव ‘लाबांगोन फेन्सिंग क्लब’. १९३२ साली निघालेल्या संघाचे ‘दोसे पारेस’. म्हणजे युरोपीय तलवारबाजीचा संस्कार होण्यास सतराव्या शतकातील मठांखेरीज एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतील शहरी क्लबांचीही वाट होती. प्रस्तुत लेखकाच्या मते ही वाट अधिक जवळची, अधिक नोंदलेली आणि म्हणूनच अधिक तपासण्याजोगी आहे; दोन्ही पक्षांना प्राचीनत्वाची ओढ असल्यामुळे ती त्यांच्या नजरेतून निसटते.

कर्ता कोण?

खरी हरकत याहून मूलभूत आहे. एका उपपत्तीत कला देणारे दातू बोर्निओहून येतात, दुसरीत पाद्री स्पेनहून येतात. दोन्हींत ऊसतोडीचा कोयता चालविणारा मजूर, नावेवरचा खलाशी, कोंबड्यांच्या झुंजीच्या मैदानाबाहेर काठी परजणारा गावकरी हा केवळ शिष्य ठरतो. राष्ट्राभिमानी म्हणविणारी मांडणीदेखील या माणसाला कर्तेपण देत नाही. तिला राजवंश हवा असतो.

या संदर्भात दोन काठ्यांनी आळीपाळीने, एकमेकींत गुंफत खेळावयाच्या प्रकाराचे नाव पाहण्यासारखे आहे : ‘सिनावाली’. ‘सावाली’ म्हणजे बांबूच्या पट्ट्यांचा विणलेला तट्टा, ज्याच्या भिंती गरिबाच्या घराला असतात. काठ्यांची ती गुंफण पाहून ज्याला तट्ट्याची वीण आठवली, तो ना दातूंच्या दरबारातला होता, ना मठातला. अर्थात या नावावरून त्या खेळाचे वय ठरत नाही. ‘काली’ला लावलेली कसोटी येथेही लागू आहे.